कुलूपबंद माळ्यावरचे दप्तर: व्हेनेसा सिडल वॉकर यांना काय सापडले

प्रश्न एका अध्यापक महाविद्यालयातील सहकाऱ्यांचा आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्यावर त्यांना दोन तासिका घ्यायच्या आहेत. हाताशी असलेल्या पुस्तकांत शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ब्राउन खटला, १९५५ चा माँटगोमेरीचा बस-बहिष्कार आणि पुढे मार्टिन ल्यूथर किंग हाच क्रम त्यांना सापडतो. शाळेपासून सुरू होणाऱ्या या कथेत शाळेतली माणसे, म्हणजे शिक्षक आणि मुख्याध्यापक, कुठेच का दिसत नाहीत, आणि कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाचा इतिहास व ही चळवळ यांचा संबंध उलगडणाऱ्या एकाच अभ्यासकाचे काम वाचायचे झाले तर कोणाचे वाचावे, असे त्यांनी विचारले आहे.

ते दिसत नाहीत, कारण दिसणे त्यांना परवडणारे नव्हते. हे उत्तर माझे नव्हे. अटलांटा येथील एमरी विद्यापीठाच्या इतिहासकार व्हेनेसा सिडल वॉकर यांनी कित्येक वर्षांच्या संशोधनातून ते काढले आहे, आणि शिक्षणाचा इतिहास शिकवताना मी ज्या थोड्या अभ्यासकांकडे पुन्हा पुन्हा वळते त्यांत त्यांचे नाव पहिले आहे. त्यांची दोन पुस्तके एकमेकांना जोडून वाचावीत. पहिले १९९६ साली निघालेले ‘देअर हायेस्ट पोटेन्शियल’. त्यात नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एकाच शाळेचा इतिहास आहे. दुसरे २०१८ चे ‘द लॉस्ट एज्युकेशन ऑफ होरेस टेट’. त्यात जॉर्जिया राज्यातील शिक्षकांच्या संघटनेने पडद्याआडून चालवलेल्या लढ्याची हकीकत आहे. मधल्या बावीस वर्षांत वॉकर यांचा प्रश्न कसा रुंदावत गेला, हे पाहणे मला त्या पुस्तकांइतकेच उद्बोधक वाटते.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे, कारण वॉकर यांचे काम रिकाम्या जागेवर उभे नाही. यादवी युद्धापूर्वी दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. साउथ कॅरोलायनाने लिहायला शिकवण्यावर १७४० सालीच बंदी घातली होती. तरीही चोरून शिकणारे आणि शिकवणारे होते, आणि १८६५ नंतर मुक्त झालेल्या लोकांची पहिली सामुदायिक मागणी जमिनीइतकीच शाळेची होती. दक्षिणेत सरकारी खर्चाने सर्वांना शिक्षण ही मुळात कृष्णवर्णीयांची कल्पना होती, असे कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ साली लिहिले, तेव्हा विद्यापीठांतील इतिहासकारांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. ते सूत्र कागदोपत्री पुराव्यानिशी सिद्ध केले जेम्स अँडरसन यांनी, १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात. त्यांनी दाखवले की मुक्त झालेल्या लोकांनी आधी स्वतःच्या पैशाने शाळा काढल्या, बाहेरचे साहाय्य नंतर आले, आणि त्या साहाय्याबरोबर बहुधा अशी अट आली की या मुलांना शेतमजुरी व हातकामापुरतेच शिकवावे.

अँडरसन यांनी दिलेल्या आकड्यांपैकी एक मी वर्गात नेहमी सांगते. ज्यूलियस रोझेनवाल्ड या शिकागोच्या उद्योगपतीच्या निधीतून १९३२ पर्यंत दक्षिणेच्या ग्रामीण भागात कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा बांधल्या गेल्या आणि त्या ‘रोझेनवाल्ड शाळा’ म्हणूनच ओळखल्या जातात. प्रत्यक्षात या बांधकामाचा बहुतांश खर्च करांच्या पैशातून झाला. उरलेल्यात रोझेनवाल्ड निधीचा वाटा सुमारे ४३ लाख डॉलर होता, तर खंडाने शेती कसणाऱ्या, कर्जात बुडालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी दिलेली रक्कम सुमारे ४७ लाख डॉलर होती. या कुटुंबांनी कर भरला होताच. तो गोऱ्या मुलांच्या शाळांवर खर्च झाला म्हणून त्यांनी आपल्या मुलांसाठी पुन्हा वर्गणी काढली. अँडरसन याला दुहेरी कर म्हणतात. पाटीवर नाव मात्र देणगीदाराचे लागले.

वॉकर या कॅसवेल काउंटीच्या (काउंटी हा जिल्ह्यासारखा विभाग), म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाच्या उत्तर सीमेवरील तंबाखू पिकवणाऱ्या भागातल्या. तिथल्या यान्सीव्हिल गावातील कॅसवेल काउंटी ट्रेनिंग स्कूल ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा; वॉकर यांच्या आई तिथे शिक्षिका होत्या. १९६९ साली एकत्रीकरणाच्या, म्हणजे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा एकत्र करण्याच्या, ओघात ती शाळा बंद झाली. पुढे संशोधक म्हणून परतलेल्या वॉकर यांच्या कानावर एक विसंगती येत राहिली. विद्यापीठात शिकलेला इतिहास सांगत होता की वर्णभेदाखालच्या कृष्णवर्णीय शाळा म्हणजे मोडकी बाके, गोऱ्या शाळांनी टाकून दिलेली पुस्तके आणि मनावर कायमचा ओरखडा. गावातली माणसे मात्र म्हणत होती की आमची शाळा चांगली होती. या माणसांना जुने दिवस गोड वाटतात एवढेच म्हणून सोडून देणे सोपे होते. वॉकर यांनी त्यांचे म्हणणे गृहीतक मानले आणि तपासायला घेतले.

हे धाडसाचे का होते, हे कळण्यासाठी ब्राउन खटल्याचा युक्तिवाद आठवावा लागतो. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले, तेव्हा निकालपत्रात मुख्य आधार असा घेतला की वेगळे काढल्यामुळे या मुलांच्या मनात न्यूनत्वाची भावना निर्माण होते. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचे बाहुल्यांचे प्रयोग (मुलांना गोऱ्या आणि काळ्या बाहुल्यांतून निवड करायला सांगणारे) याच संदर्भात प्रसिद्ध झाले. निकाल योग्यच होता, आणि वॉकर यांनी त्याविरुद्ध कुठेही लिहिलेले नाही. पण त्या युक्तिवादाचा एक परिणाम असा झाला की विभाजन वाईट, म्हणून त्या शाळांत जे काही चालत होते ते सगळेच निकृष्ट, असे समीकरण रूढ झाले. मग जे निकृष्ट आहे ते जपायचे कशाला, हा पुढचा प्रश्न प्रशासनाला सोयीचा होता.

कॅसवेलच्या शाळेत वॉकर यांना दिसले ते असे. साधनांची विषमता खरी होती आणि ती भरून काढण्यासाठी पालकांना सतत पदरमोड करावी लागत होती. शाळेची बससुद्धा सुरुवातीला सरकारने दिली नव्हती, ती लोकांनीच मिळवली. निकोलस लाँगवर्थ डिलर्ड हे मुख्याध्यापक साडेतीन दशकांहून अधिक काळ तिथे होते. पालक-शिक्षक मंडळाची सभा म्हणजे त्या परिसरातला मोठा मेळावा असे. मुलांचे कार्यक्रम होत, मुख्याध्यापक बोलत, आणि शाळेच्या गरजा तिथेच मांडल्या जात. शिक्षक मुलांच्या घरी जात, चर्चमध्ये भेटत, आणि एखादे मूल तंबाखूच्या हंगामात का येत नाही हे त्यांना विचारावे लागत नसे. वर्गाबाहेर वादविवाद, नाटक, संगीत अशी मंडळे होती, आणि ज्या मुलाला गावातल्या दुकानात मागच्या दाराने जावे लागे त्याला इथे सभा चालवायला, ठराव मांडायला शिकवले जाई. यासाठी वॉकर जी संकल्पना वापरतात तिला मराठीत ‘आस्था’ म्हणता येईल. पण एका शिक्षकाची एका मुलाविषयीची माया एवढाच तिचा अर्थ नाही. शाळेचे वेळापत्रक, सभा, मंडळे, मुख्याध्यापकांची रोजची परिपाठातली भाषणे या सर्वांतून संस्था म्हणूनच ती आस्था व्यक्त व्हावी अशी ती रचना होती, आणि ही रचना शिक्षकांनी विचारपूर्वक बांधली होती, हा पुस्तकाचा मुख्य मुद्दा आहे.

शाळेच्या नावातील ‘ट्रेनिंग’ या शब्दाबद्दल थोडे विषयांतर करते. दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या अनेक माध्यमिक शाळांना ‘काउंटी ट्रेनिंग स्कूल’ म्हणत, कारण हातकामाचे प्रशिक्षण म्हटले की गोरे अधिकारी आणि उत्तरेकडचे देणगीदार निर्धास्त होत. आत मात्र शक्य तिथे इंग्रजी साहित्य, बीजगणित, इतिहास शिकवला जाई. पाटी एक आणि पाठ दुसरा, ही युक्ती पुढे सगळ्याच गोष्टींत येते.

हे शिक्षक शिकले कुठे? इथे इतिहासाचा एक तिरकस विनोद आहे. आपल्या विद्यापीठांत कृष्णवर्णीयांना पदव्युत्तर प्रवेश द्यायचा नाही म्हणून दक्षिणेतील अनेक राज्ये त्यांना राज्याबाहेर शिकायला शुल्क देत असत. या पळवाटेला १९३८ साली मिसूरीतील गेन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हरकत घेतली, तरी प्रथा बराच काळ चालू राहिली. परिणामी जॉर्जिया किंवा कॅरोलायनातल्या खेड्यातील शिक्षिका उन्हाळ्याच्या सुट्टीत न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न टीचर्स कॉलेजात, त्या काळातले सर्वांत पुढारलेले शिक्षणशास्त्र शिकून परतत असे. कोलंबिया म्हटल्यावर मराठी वाचकाला १९१३ ते १९१६ या काळात तिथे शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे गुरू, शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई आठवणारच. ड्यूई यांचे विचार त्या खेड्यांतल्या शाळांतही पोहोचले होते, ते अशा आडवाटेने. विभाजन टिकवण्यासाठी खर्चलेल्या पैशातूनच ते मोडणारी पिढी घडवणारे शिक्षक तयार झाले.

इथवर एका शाळेची गोष्ट झाली. ती अपवाद होती का, या प्रश्नाने वॉकर यांना जॉर्जियात नेले, आणि तिथे त्यांना होरेस टेट भेटले. टेट यांचा जन्म १९२२ चा, एल्बर्टन गावचा. फोर्ट व्हॅली स्टेट कॉलेजमधून १९४३ साली पदवी घेऊन ते शिक्षक झाले, लहान गावांत मुख्याध्यापक झाले, केंटकी विद्यापीठातून १९६१ साली डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले, आणि त्याच वर्षी जॉर्जिया टीचर्स अँड एज्युकेशन असोसिएशन या कृष्णवर्णीय शिक्षक संघटनेचे सूत्रधार झाले. पुढे ते राज्याच्या सिनेटमध्ये दीर्घकाळ निवडून येत राहिले. आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांत, कधी फोनवर, कधी कार्यालयात, कधी घरी, त्यांनी वॉकर यांना हकीकती सांगितल्या: कच्च्या रस्त्यांवरून रात्रीचे प्रवास, गुपचूप बैठका, कुणाला काय सांगायचे आणि काय सांगायचे नाही. मृत्युशय्येवर असताना त्यांनी वॉकर यांना अटलांटातल्या आपल्या कार्यालयात पुन्हा जायला सांगितले. ती इमारत पूर्वी संघटनेचे मुख्यालय होती. २००२ साली टेट गेले, त्यानंतर काही दिवसांतच वॉकर तिथे गेल्या. एका डुगडुगत्या, धुळीने भरलेल्या जिन्यावरून वर गेल्यावर कुलूपबंद, सहज न दिसणाऱ्या माळ्यावर त्यांना संघटनेचे अनेक दशकांचे दप्तर सापडले. ते वाचून, इतर नोंदींशी ताडून पुस्तक लिहायला सोळा वर्षे गेली.

या दप्तरातून जे उभे राहते त्यालाच मी या संशोधनाचा गाभा मानते. आपण समजतो की शाळांच्या लढ्यात वकील लढले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संस्थेचे वकील थर्गूड मार्शल लढले. पालकांनी अर्जांवर सह्या केल्या. हे खरेच आहे. पण मार्शल यांना एखाद्या काउंटीत खटला भरायचा तर त्यांना माहिती हवी: गोऱ्या मुलांमागे दरडोई खर्च किती आणि कृष्णवर्णीय मुलांमागे किती, बसगाड्या कुणाला किती, कुठली मुले किती मैल चालतात, कुठल्या पालकाची उपजीविका गोऱ्या मालकावर अवलंबून नाही म्हणून तो सही करायला उभा राहू शकेल. हे सगळे बारकावे ज्यांच्या हातात होते ते म्हणजे मुख्याध्यापक. त्यांच्या संघटनेची राज्यभर जाळी होती, जिल्हावार सभा होत्या, वर्गणी होती. शिक्षकांनी माहिती दिली, पैसे गोळा केले, पालकांना शिक्षणाधिकाऱ्यांपुढे काय आणि कसे बोलायचे ते शिकवले, आणि स्वतः मागच्या रांगेत बसून राहिले. शिक्षणाधिकाऱ्याला समोर दिसत ते पालक. मुख्याध्यापक त्याच्या लेखी सालस आणि सहकार्य करणारा माणूस असे.

हा सालसपणा किती आवश्यक होता ते दोन उदाहरणांवरून कळते. व्हर्जिनियातील नॉरफोक शहरात ॲलिन ब्लॅक या शिक्षिकेने गोऱ्या शिक्षकांइतक्या वेतनासाठी १९३९ साली दावा लावला. शाळा मंडळाने तिच्या नेमणुकीचे नूतनीकरणच केले नाही, आणि दावा मेल्विन ऑल्स्टन या दुसऱ्या शिक्षकाच्या नावाने चालवून १९४० साली जिंकावा लागला. साउथ कॅरोलायनाने १९५६ साली कायदाच केला की सरकारी नोकराला एनएएसीपीचे सदस्य होता येणार नाही. तिथल्या शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांनी सदस्यत्व लपवायला नकार दिला आणि चाळीस वर्षांच्या सेवेनंतर त्यांची नोकरी गेली. शिक्षकाची नेमणूक दरवर्षी गोऱ्यांच्या मंडळाच्या हातात असताना उघडपणे लढणारा शिक्षक लवकरच माजी शिक्षक होई. म्हणून संघटनेने काम वाटून घेतले: एनएएसीपीने चेहरा द्यायचा, शिक्षकांनी हातपाय.

संघटनेत टेट यांच्या आधी चार्ल्स हार्पर हे या कामाचे आधारस्तंभ होते. अटलांटात १९२४ साली उघडलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलचे ते पहिले मुख्याध्यापक. कृष्णवर्णीयांसाठी शहरातली ती पहिली सरकारी माध्यमिक शाळा, आणि तीही मतदारांनी मिळवलेली: शाळांसाठीचे कर्जरोखे मंजूर करायला कृष्णवर्णीयांची मते लागत होती, आणि त्यांच्या मुलांना वाटा मिळेपर्यंत त्यांनी ती दिली नाहीत. १९४० च्या दशकात याच शाळेत मार्टिन ल्यूथर किंग शिकले. पाठ्यपुस्तकात किंग १९५५ साली अचानक प्रकट होतात. त्यांच्या शाळेचा हा पूर्वेतिहास कुणी सांगत नाही.

अशा जोडण्या वॉकर यांच्या पुस्तकांमुळे आपोआप दिसू लागतात. टेट शिकत असताना फोर्ट व्हॅलीचे अध्यक्ष होते होरेस मान बाँड, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाचे स्वतः मोठे इतिहासकार. ब्राउन खटल्यात न्यायालयाने १९५३ साली कायद्याचे समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या हेतूबद्दल प्रश्न विचारले, तेव्हा उत्तरे शोधणाऱ्या इतिहासकारांत बाँड होते. त्यांचे पुत्र ज्यूलियन बाँड १९६० साली विद्यार्थ्यांच्या अहिंसक समन्वय समितीच्या संस्थापकांपैकी एक झाले. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो शहरात त्याच वर्षी १ फेब्रुवारीला चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ दुकानाच्या फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसले. त्यांच्यापैकी काही ज्या डडली हायस्कूलमध्ये शिकले होते, तिथले व्हान्स चेव्हिस हे शिक्षक मतदार नोंदणीच्या पत्रांची पाकिटे वर्गातल्या मुलांकडून लिहून घेत असत. त्या चौघांच्या धैर्यात शिक्षकांचा वाटा किती, हे मोजता येणार नाही. पण ते शून्यातून आले नव्हते.

‘स्वातंत्र्य चळवळ’ या शब्दाबद्दलही सांगायला हवे, कारण आपल्या कानाला तो १९४७ कडे नेतो. अमेरिकेतील कार्यकर्ते आपल्या लढ्याला नागरी हक्कांची चळवळ म्हणत तसेच स्वातंत्र्याची चळवळ म्हणत, आणि दुसऱ्या नावात कायद्याच्या पलीकडचे बरेच काही होते. नोकरी गेल्यानंतरच्या सेप्टिमा क्लार्क यांचे काम त्याची साक्ष देते. जानेवारी १९५७ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या जॉन्स बेटावर, एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत, पहिली ‘नागरिकत्व शाळा’ सुरू झाली. शिकवायला त्यांनी मुद्दाम शिक्षिका न घेता बर्निस रॉबिन्सन या केशभूषा करणाऱ्या बाईंना घेतले. प्रौढांना राज्यघटनेचा उतारा वाचता यावा, मतदार नोंदणीचा अर्ज भरता यावा, पत्र लिहिता यावे, एवढेच पाठ होते. १९६१ नंतर किंग यांच्या संघटनेने हा कार्यक्रम दक्षिणभर नेला. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत एकेचाळीस ‘स्वातंत्र्य शाळा’ भरल्या आणि दोन हजारांहून अधिक मुले त्यांत आली. चळवळीने शाळा काढल्या हे इथे उघड दिसते. वॉकर त्याआधीची पायरी दाखवतात, जिथे शाळांनी चळवळ काढली.

आता या कथेचा कडू भाग. ब्राउन निकालानंतर दक्षिणेतील प्रशासनाने एकत्रीकरण दहा-पंधरा वर्षे रेटून लांबवले, आणि ते करावेच लागले तेव्हा आपल्या सोयीने केले. बंद झाल्या त्या बहुतेक कृष्णवर्णीय शाळा, पदावनत झाले ते कृष्णवर्णीय मुख्याध्यापक, आणि १९५४ ते १९६५ या काळात नोकरी गमावलेल्या कृष्णवर्णीय शिक्षक-प्रशासकांची नेहमी दिली जाणारी संख्या अडतीस हजारांच्या घरात आहे. संघटनाही विलीन झाल्या: राष्ट्रीय पातळीवर १९६६ साली, जॉर्जियात १९७० साली. टेट यांनी विलीनीकरणाच्या वाटाघाटीत बरोबरीच्या हमीचा आग्रह धरला, कारण मोठ्या संघटनेत विरघळल्यावर कृष्णवर्णीय मुलांसाठी भांडणारे कुणी उरणार नाही ही त्यांची धास्ती होती.

या नुकसानीचे वॉकर यांनी केलेले विश्लेषण मला त्यांच्या सर्व लेखनात सर्वांत धारदार वाटते. त्या म्हणतात, कृष्णवर्णीय शिक्षकांच्या कार्यक्रमात तीन गोष्टी होत्या: मुलांमध्ये आकांक्षा जागवणे, मुलांच्या वतीने सत्तेपुढे उभे राहणे, आणि साधनांपर्यंत पोहोच मिळवणे. पहिल्या दोन त्यांच्याकडे होत्या. खटले तिसरीसाठी होते. त्यांना अभिप्रेत होती बेरीज. घडला तो विनिमय: पोहोच मिळाली, तीही अर्धवट, आणि तिच्या मोबदल्यात उरलेल्या दोन गेल्या. याला त्या दुय्यम दर्जाचे एकत्रीकरण म्हणतात. एकत्रीकरण हवे की नको, या नेहमीच्या कोरड्या वादापेक्षा ही मांडणी कितीतरी पुढची आहे.

आक्षेपही आहेत, आणि ते विद्यार्थ्यांपुढे ठेवलेच पाहिजेत. पहिला गतकातरतेचा. माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींवर उभा केलेला इतिहास गोडवा धरतो, आणि शाळा अर्ध्यात सोडून गेलेली मुले मुलाखतीला सहसा सापडत नाहीत. मी स्वतः निवृत्त शिक्षकांच्या मुलाखती घेतल्या आहेत, त्यावरून सांगते की सांगणारा माणूस आपल्या उमेदीच्या काळाबद्दल बोलताना बाकांचे खिळे विसरतो. वॉकर सभांचे वृत्तांत, वार्षिके, वृत्तपत्रे यांच्याशी आठवणी ताडून पाहतात, त्यामुळे हा आक्षेप बराच सौम्य होतो, पण संपत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मिसिसिपीत १९६० च्या दशकात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा अनुभव असा होता की शिक्षक आणि मुख्याध्यापक भीतीपोटी दूर राहत, प्रसंगी मुलांना चळवळीत जाण्यापासून रोखत. ॲडम फेअरक्लॉ यांनी २००७ साली या शिक्षकांचा जो इतिहास लिहिला त्यात धैर्याबरोबर ही तडजोड आणि कोंडीही ठळक आहे. वॉकर यांचे उत्तर असेल की गुप्तता हीच नीती होती, तेव्हा बाहेरून भित्रेपणा दिसणारच. हे काही ठिकाणी खरे आहे, सर्वत्र नाही. गुप्ततेचा युक्तिवाद मोकळा सोडला तर प्रत्येक गप्प बसलेला माणूस छुपा लढवय्या ठरतो. शिवाय टेट यांचे दप्तर एका राज्यातल्या संघटनेच्या नेतृत्वाचे आहे. दूरच्या खेड्यातल्या सामान्य शिक्षकाला त्यातले किती माहीत होते, हा प्रश्न उरतो. माझे मत असे की जॉर्जियापुरते वॉकर यांचे प्रतिपादन भक्कम आहे, आणि इतर राज्यांसाठी ते गृहीतक म्हणून वापरावे.

वर्गाच्या आत नेमके काय शिकवले जाई, हे वॉकर यांच्या दुसऱ्या पुस्तकात मागे पडते. ती उणीव जार्व्हिस गिव्हन्स यांच्या २०२१ च्या पुस्तकाने भरून निघते. त्याचा विषय आहे कार्टर जी. वुडसन, म्हणजे कोळसा खाणीत मजुरी केलेले, विशीत हायस्कूलला गेलेले, १९१२ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेले इतिहासकार, ज्यांनी १९२६ साली फेब्रुवारीतला कृष्णवर्णीय इतिहास सप्ताह सुरू केला. लुइझियानातील टेसी मॅक्गी या तरुण शिक्षिकेचा प्रसंग गिव्हन्स सुरुवातीलाच सांगतात. १९३० च्या दशकात ती मेजावर सरकारी अभ्यासक्रम उघडा ठेवून मांडीवरच्या वुडसन यांच्या पुस्तकातून मुलांना वाचून दाखवत असे, आणि दार उघडले की नजर मेजावर नेत असे. शाळेचे नाव, अर्थातच, ट्रेनिंग स्कूल.

मराठीशी या विषयाचे नाते जुने आहे, पण ते जपून सांगावे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलाम मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे सर्वांना माहीत आहे. ती अर्पणपत्रिका मुक्त करणाऱ्यांच्या औदार्याचा गौरव करते. तेव्हाच्या उपलब्ध माहितीत ते स्वाभाविक होते. त्याच वर्षांत मुक्त झालेले लोक स्वतः शाळा बांधत होते, हे चित्र अँडरसन आणि वॉकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी शतकभरानंतर पुढे आणले. १९४६ साली आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांना द्यायच्या निवेदनाची प्रत मागवली, आणि ड्यू बॉइस यांचे उत्तर आले. हे दोन दुवे खरे आणि पुरेसे आहेत. आपल्या शिक्षणसंस्थांचा इतिहास ओढूनताणून या साच्यात बसवू नये.

दोन तासिकांसाठी माझी सूचना अशी. पहिल्या तासाला कॅसवेलची शाळा घ्यावी: रोझेनवाल्ड शाळांचे आकडे फळ्यावर लिहून सुरुवात करावी, दुहेरी कराचा अर्थ मुलांकडूनच काढून घ्यावा, मग पालक-शिक्षक सभेचे वर्णन सांगावे. दुसऱ्या तासाला ब्राउन निकालातील न्यूनत्वाचा उल्लेख वाचून दाखवून टेट यांच्या माळ्यावर यावे, आणि शेवटची पंधरा मिनिटे मिसिसिपीच्या आक्षेपासाठी राखून ठेवावीत. स्वतः वाचताना मात्र क्रम उलटा ठेवावा: २०१८ चे पुस्तक कथेसारखे लिहिलेले आहे, ते आधी वाचून मग १९९६ च्या पुस्तकाकडे जावे, त्यातील संशोधनपद्धतीवरचा मजकूर घाईत गाळू नये, कारण भावी शिक्षकांना स्थानिक शाळेचा इतिहास लिहायला लावायचा असेल तर सर्वांत उपयोगी भाग तोच आहे.